तंतुवाद्याचा आवाज वाढविणें : मायक्रोफोन कीं पिकअप?

पन्हाळ्याच्या पलीकडील एका खेड्यांतील मंडळीच्या उपदेशकांनीं आम्हांस एक प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या मंडळींतील एका तरुणानें गिटार शिकून घेतली असून उपासनेच्या वेळीं पेटी व तबला ह्यांच्या जोडीला तो ती वाजवितो. पेटीपुढें गिटार ऐकूं येत नाहीं, अशी मागील बांकांवर बसणारांची तक्रार आहे. सुगीच्या उपकारस्तुतीस जोंधळा, भात, कोंबडीं असें जें दान आलें, त्याच्या विक्रीचा थोडा पैसा शिल्लक आहे. त्यांतून गिटारीकरितां मायक्रोफोन घ्यावा, कीं तिच्यांत पिकअप नांवाचें यंत्र बसवावें, असें ते विचारितात. हाच प्रश्न दुसऱ्याही मंडळ्यांपुढें असेल असें वाटल्यावरून तो येथें जरा विस्तारानें घेत आहों. जोंधळ्याचा पैसा वर्षांतून एकदांच येतो, आणि चुकीचें यंत्र दुकानदार सहसा परत घेत नाहीं.

प्रथम हें पाहावें कीं, आवाज खरोखर कमी पडतो काय. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं 1913 ते 1915 ह्या काळांत पॅलेस थिएटर बांधविलें. पुढें त्यास केशवराव भोसले ह्यांचें नांव मिळालें, आणि ऑगस्ट 2024 मध्यें तें आगींत सांपडून जळालें. तें नाटकगृह उभें राहिलें त्या काळीं संगीत नाटकांतील नट मायक्रोफोनावांचून गात असत, व साथीची सारंगीही यंत्रावांचून ऐकूं येई. इमारतीची बांधणी, नटाचा कमावलेला कंठ आणि साथीदारांचा आवरता हात, ह्या तीन गोष्टींनीं तें काम होत असे. आपल्या प्रार्थनामंदिरांत फार तर साठसत्तर माणसें बसतात. तेथें वाद्य ऐकूं येत नसेल, तर पुष्कळदां दोष वाद्याच्या अशक्तपणाचा नसून बसण्याच्या जागेचा असतो.

मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. भिंतींच्या आंत ही घट इतकी होत नाहीं, कारण भिंती कांहीं आवाज परत देतात. तरी गिटारवाला पेटीच्या मागें, खालीं जमिनीवर, वाद्याचें तोंड बाजूस करून बसला असेल तर पुढच्या माणसांचीं अंगें व कपडेच तो आवाज पिऊन टाकितात. त्यास खुर्चीवर, लोकांकडे तोंड करून, पक्क्या भिंतीच्या थोडें पुढें बसवावें. पेटीवाल्यानें भाता हलका ठेवावा. गिटारीच्या तारा वर्षभर जुन्या असल्यास नव्या घालाव्या. गंजक्या तारेचा स्वर चार बांकांच्या पुढें जात नाहीं. मग उपदेशकांनीं स्वतः शेवटच्या बांकावर जाऊन बसावें. हें सर्व करूनही शब्दांखालीं स्वर लागत नसेल, तरच पुढें वाचावें.

आतां यंत्राकडे वळूं. यंत्र निवडण्यापूर्वीं तंतुवाद्यांत आवाज होतो कसा हें समजलें पाहिजे, आणि तें शिकण्यास कोल्हापुराहून दूर जावें लागत नाहीं. सुमारें 50 किलोमीटरांवर मिरज आहे. तेथें हत्यारें घडविणारे व त्यांस धार लावणारे जे शिकलगार होते, त्यांच्यांतील फरीदसाहेब ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्यें करण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या वंशजांचा तो धंदा आजतागाईत चालू आहे. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढें भागांतून येतात. 2024 सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. त्या गल्लींत एखादा कारागीर जवारी लावीत बसलेला पाहण्यास मिळाला, तर तें अवश्य पाहावें. तो घोडीचा माथा कानशीनें किंचित् घांसतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घांसतो. शेवटीं तारेखालीं सुताचा धागा सरकवितो, आणि मुका असलेला स्वर एकाएकीं उमलतो. तार तीच, भोपळा तोच. केवळ घोडीवर तार कशी टेंकते एवढ्यानें हा पालट होतो.

ह्यावरून दिसून येईल कीं, तंतुवाद्याचा आवाज एका ठिकाणीं होत नसून तीन ठिकाणीं होतो. तार कांपते, ते कंप घोडी लांकडाच्या तबलीस देते, आणि तबली व पोटांतील हवा मिळून ते खोलींतील हवेस देतात. एकट्या तारेस आवाज असा जवळजवळ नसतोच. गिटारीचेंही असेंच आहे. तिच्या सर्वांत जाड तारेचीं सेकंदास सुमारें 82 कंपनें होतात व सर्वांत बारीक तारेचीं सुमारें 330. तिच्या पोटांतील हवा सुमारें 100 कंपनांस व वरची फळी सुमारें 200 कंपनांस आपण होऊन गुंजते. हे दोन आंकडे ध्यानांत ठेवावे, पुढें उपयोगीं पडतील.

विजेचीं यंत्रेंही तीन प्रकारचीं आहेत, आणि त्यांपैकीं प्रत्येक वर सांगितलेल्या तीन ठिकाणांपैकीं एकाच ठिकाणीं कान लावितें.

पहिला प्रकार लोहचुंबकाचा. चुंबकाभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. वरून पोलादी तार कांपली कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. अमेरिकेंत जॉर्ज बीचम ह्यांनीं 1931 सालीं अशा पिकअपची हवाई गिटार सिद्ध केली. आपल्या देशांत लखनौच्या ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेले व्हॅन शिप्ली ह्यांनीं विजेची गिटार मुंबईच्या चित्रपटसंगीतांत घरोघर पोहोंचविली. साध्या गिटारीकरितां हा पिकअप तिच्या पोटाच्या गोल भोंकांत आडवा बसवितां येतो. लांकडास छिद्र पाडावें लागत नाहीं, व नको झाल्यास काढून ठेवितां येतो. परंतु तो फक्त तारेचें ऐकतो, आणि तीही लोखंडी किंवा पोलादी असेल तरच. नायलॉनच्या तारांस तो अगदीं बहिरा आहे. गिटारीच्या जाड तारांवर कांशाचें वेष्टन असतें तेथेंही तो आंतील पोलादाच्या गाभ्यापुरतेंच ऐकतो. म्हणून कित्येक पिकअपांवर बारीक तारांचा आवाज मोठा व जाड तारांचा लहान असा विपरीत प्रकार होतो.

तंबोऱ्यावर हें आणखी स्पष्ट होतें. तंबोऱ्याच्या मधल्या जोडीच्या तारा पोलादी असतात, पण खर्जाची तार बहुधा पितळेची. लोहचुंबकाचा पिकअप लाविला तर जोडी ऐकूं येईल व खर्ज नाहींसा होईल! ज्या स्वराच्या आधारावर गाणारा उभा राहतो, तोच यंत्राच्या खिजगणतींत नाहीं. आमच्या एका ओळखीच्या भजनी मंडळानें पैसे देऊन हें ज्ञान विकत घेतलें आहे.

दुसरा प्रकार दाबाचा. कांहीं स्फटिकांवर दाब पडला कीं त्यांत वीज उत्पन्न होते, हें पियेर व झाक क्यूरी ह्या दोघां भावांनीं 1880 सालीं दाखविलें. ह्या तत्त्वाची पातळ पट्टी गिटारीच्या घोडीवरील हाडाच्या पट्टीखालीं बसवितात, अथवा लहान चकती तबलीस आंतून वा बाहेरून चिकटवितात. हा प्रकार नायलॉन, पितळ, पोलाद असा भेद पाहत नाहीं; सर्व तारा त्यास सारख्या. मात्र तो घोडीवरील दाबाचें ऐकतो, हवेचें नव्हे. म्हणून जोरानें वाजविल्यास त्याचा आवाज कोरडा, टणटणीत, कांहींसा प्लास्टिकच्या डब्यासारखा येतो. चकती तर बोटांचे घांसणें व कोंपराचा धक्का देखील इमानानें कर्ण्यावर पाठविते. तंबोऱ्याची जवारी घोडीवरच घडत असल्यामुळें तिचा झणत्कार ह्या पिकअपांत येतो खरा, परंतु भोपळ्याचा गोडवा येत नाहीं.

ह्या पिकअपाची एक अट आहे, आणि तीच पुष्कळांस ठाऊक नसते. त्यास पुढें फार मोठ्या विरोधाचें यंत्र लागतें, म्हणजे निदान दहा लक्ष ओहम. तो तसाच मायक्रोफोनाच्या सांध्यांत खुपसला कीं जाड स्वर गळून जातात व पत्र्यावर नख ओढल्यासारखा आवाज येतो. दोष पिकअपाचा नसतो; मध्यें एक लहान पूर्ववर्धक पाहिजे असतो, जो बहुधा 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. घेतांना दोन्ही मिळून किंमत विचारावी.

पट्टी बसविण्याचें काम घरीं करूं नये, हें आम्ही अनुभवानें सांगतों. तारा फार उंच वाटल्या म्हणून आम्हीं एकदां हाडाची पट्टी स्वतःच कानशीनें खालून घांसली. डोळ्यांस ती सरळ दिसत होती. पण रविवारीं यंत्र लाविलें तों तिसरी तार जणूं तुटली आहे असें झालें. हातानें छेडली तर नीट वाजे, आणि यंत्रांतून बेपत्ता. पट्टीच्या खालच्या अंगास केसाएवढी पोकळी राहिली होती व तेवढ्याच जागेंत दाब पोहोंचत नव्हता. पावसाळ्यांत दमट हवेनें लांकूड फुगतें तेव्हांही असाच प्रकार होतो. तेवढ्यावरून पिकअप बिघडला असें समजूं नये.

तिसरा प्रकार मायक्रोफोनाचा. तो हवेचें ऐकतो, म्हणजे आपला कान जेथें ऐकतो तेथेंच. म्हणून गिटारीचा, सतारीचा, तंबोऱ्याचा खरा आवाज कोणी देत असेल तर तोच. ह्यांतही दोन जाती आहेत. एक साधा, वेटोळ्याचा, धक्के सोसणारा, बाहेरून वीज न मागणारा. दुसरा नाजूक, 48 व्होल्टची वीज मागणारा, ज्यास कारागीर कंडेन्सर म्हणतात. दुसऱ्याचा आवाज अधिक स्वच्छ असतो ह्यांत शंका नाहीं. परंतु ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलींत जो गुण, तोच खेड्यांतील मंदिरांत अवगुण होतो. तो पंखा ऐकतो, खोकला ऐकतो, बाहेरची मोटारसायकल ऐकतो. आमच्या मतें खेड्यांतील मंडळीनें साधाच घ्यावा, आणि तो एका दिशेनें ऐकणारा, पाठीमागें बहिरा असा असावा.

मायक्रोफोनाचा मोठा शत्रु म्हणजे शिटी. वाद्याचा आवाज मायक्रोफोनांत जातो, मोठा होऊन कर्ण्यांतून निघतो, तोच पुन्हा मायक्रोफोनांत शिरतो, आणि असा फेरा वाढत वाढत सर्व मंदिर कान झांकून घेतें. गिटारीचें पोट ह्या फेऱ्यास मदत करितें, कारण वर सांगितल्याप्रमाणें सुमारें 100 व 200 कंपनांस तें आपण होऊनच गुंजतें. ह्यास्तव गिटारीची शिटी पुष्कळदां शिटी नसून घूं-घूं असा खोल आवाज असते. पिकअपासही हा रोग जडतो, पण उशिरा. त्यांतल्या त्यांत लोहचुंबकाच्या पिकअपास सर्वांत उशिरा, कारण तो हवेचें मुळींच ऐकत नाहीं.

शिटीवर बहुतेक लोक यंत्रवाल्यास दोष देतात, परंतु ती जागेची गोष्ट आहे. कर्णे नेहमीं मायक्रोफोनाच्या पुढें, लोकांच्या बाजूस असावे. मायक्रोफोनाची पाठ कर्ण्याकडे व्हावी. मायक्रोफोन वाद्याच्या जितका जवळ, तितकें यंत्र कमी फिरवावें लागतें आणि तितकी शिटी दूर राहते. पण गिटारीच्या गोल भोंकासमोर तो कदापि धरूं नये. तेथून पोटांतील हवेचा ढोल बाहेर पडत असतो. मान व पोट ह्यांच्या सांध्याजवळ, बाराव्या पडद्याच्या समोर, एक वीत किंवा थोडें कमी अंतरावर, तोंड किंचित् भोंकाकडे कलतें, अशी जागा बहुतेक गिटारींस मानवते. तेथून बोटभर इकडे तिकडे सरकवून कानानें ठरवावें. तंबोऱ्यास घोडीच्या खालच्या अंगास, तबलीपासून वीतभर. यंत्रावर जाड स्वरांची जी कळ असते ती गिटारीपुरती थोडी उतरवावी. जो मायक्रोफोन वापरांत नाहीं तो बंद करावा; उघडा मायक्रोफोन कोणी वापरीत नसला तरी ऐकत असतोच. गाणाऱ्याचा मायक्रोफोन जवळ असेल, तर गिटारीच्या मायक्रोफोनापासून तिच्या अंतराच्या तिपटीनें तरी तो दूर ठेवावा, नाहींतर दोघांचे आवाज एकमेकांस खातात.

आणखी एक खोड मोडली पाहिजे. पुष्कळ गाणारे मायक्रोफोनाच्या जाळीवर मूठ आवळतात, अथवा तिच्याभोंवतीं रुमाल गुंडाळितात. जाळीच्या पाठीमागील फटींनींच त्यास दिशा कळत असते. त्या बुजल्या कीं तो चोहोंकडून ऐकूं लागतो आणि शिटी सुरू होते. एका मैदानांतील सभेंत आम्हीं अर्धा तास यंत्रवाल्याशीं वाद घातला, आणि शेवटीं एका लहान मुलीनें गाणाऱ्याच्या हातांतील रुमाल काढून घेतल्याबरोबर सर्व शांत झालें.

कर्ण्याविषयींही दोन शब्द. गांवांतील भाड्याचे पत्र्याचे कर्णे बोलण्याचा आवाज दूर नेण्यासाठीं केलेले असतात. गिटारीच्या जाड तारांचीं 82 कंपनें त्यांतून निघतच नाहींत. ह्या कर्ण्यावर सर्वांत महाग पिकअप लावा कीं सर्वांत स्वस्त, फरक कोणास कळणार नाहीं. पेटीच्या आकाराचा बंद लाउडस्पीकर मिळत नसेल, तर पिकअपावर पैसा घालणें आम्ही व्यर्थ समजतों. बाहेर कर्णा लावावयाचा असल्यास अगोदर लेखी परवानगी काढावी लागते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत तो उघड्यावर लावण्यास मनाई आहे. आणि आषाढांत पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असेल, त्या दिवशीं कोणत्याही यंत्राचा उपाय चालत नाहीं. वाद्यें बाजूस ठेवून सर्वांनीं जवळ सरकून गावें हें बरें.

आतां जी गोष्ट सांगणार आहों ती केवळ आवाजाची नाहीं, जिवाची आहे. पिकअप लाविलेल्या गिटारीच्या तारा पुष्कळदां दोरीमार्गें यंत्राच्या धातूस जोडलेल्या असतात. गाणाऱ्याचे ओंठ मायक्रोफोनाच्या जाळीस लागतात व ती जाळी कदाचित् दुसऱ्या यंत्रास जोडलेली असते. दोहोंपैकीं एका यंत्राचें जमिनीशीं जोडणें, ज्यास आपण अर्थिंग म्हणतों, तें तुटलेलें असेल, तर बोटें तारेवर व ओंठ जाळीवर असतां वीज माणसाच्या अंगांतून वाहते. ओंठांस मुंग्या आल्यासारखें वाटलें तर तो इशारा समजून त्याच क्षणीं यंत्र बंद करावें. ओल्या जमिनीवर अनवाणी उभें असतां हाच धक्का प्राण घेऊं शकतो. सर्व यंत्रें एकाच अर्थिंग असलेल्या सांध्यावरून चालवावीं. दोन पायांच्या खिळीवर, किंवा तिसरा पाय तोडून, गिटारीचें यंत्र कधींही लावूं नये. मंदिरांत अर्थिंग आहे कीं नाहीं हें जाणत्या वायरमनाकडून पाहून घ्यावें, आणि नसेल तर सुगीच्या पैशाचा पहिला भाग तेथेंच खर्चावा. मायक्रोफोन पुढच्या वर्षीं घेतां येईल.

उपदेशकांच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येतें. त्यांचें मंदिर लहान आहे, गिटार एकच आहे, आणि शास्त्रपाठ वाचणारासही आवाजाची गरज पडते. त्यांनीं एक साधा, एका दिशेनें ऐकणारा मायक्रोफोन व त्याबरोबर वांकविण्याजोगी चांगली घोडी, म्हणजे स्टँड, घ्यावी. दुकानदार स्टँड स्वस्तांतली दाखवील. त्यांत काटकसर करूं नये, कारण बाराव्या पडद्याची जागा हलणाऱ्या स्टँडवर राहत नाहीं. हाच मायक्रोफोन उपदेशासही चालेल. मंडळीचे तरुण जर गांवोगांव बाहेर, मैदानांत, ढोलकीच्या शेजारीं वाजवूं लागले, तर मात्र मायक्रोफोन पुरणार नाहीं. तेव्हां पोलादी तारांच्या गिटारीस भोंकांत बसणारा लोहचुंबकाचा पिकअप घ्यावा, व नायलॉनच्या तारा असल्यास घोडीखालची पट्टी जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावी. पहिल्याचा आवाज गिटारीचा खरा आवाज नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. पण वाऱ्यांत व ढोलकीच्या आवाजांत जो ऐकूं येतो तो बरा. दोन्ही एकत्र लावून त्यांचें मिश्रण करण्याची रीत मोठे वादक पाळितात आणि तीच सर्वांत सुंदर आहे. परंतु त्यास यंत्रावर बसणारा एक शहाणा कान लागतो, आणि तसा माणूस खेड्यांत गिटारवाल्याहूनही दुर्मिळ असतो.

खरेदीस कोल्हापुरास किंवा मिरजेस जावें तेव्हां आपलीच गिटार बरोबर न्यावी व वाजविणाऱ्या तरुणासही न्यावें; दुकानांतील गिटारीवर गोड वाटलेला पिकअप आपल्या गिटारीवर तसाच वाजेल असें नाहीं. गिटारीपासून यंत्रापर्यंत साधी दोरी पांच-सहा मीटरांहून लांब घेऊं नये. लांब दोरीनें स्वर मंद होतो व गुणगुण शिरते. दूर जावयाचें असल्यास मध्यें डी. आय. नांवाची लहान पेटी लागते, ती भाड्यानें मिळते. परत आल्यावर एक संवय लावून घ्यावी: उपासना संपतांच दोरी गिटारींतून उपसून ठेवावी. पूर्ववर्धक असलेल्या बहुतेक गिटारींत दोरी आंत असेपर्यंत बॅटरी जळत राहते, आणि पुढच्या रविवारीं गीत अर्ध्यावर आलें असतां ती संपते. वाजविणाऱ्याच्या पिशवींत 9 व्होल्टची एक नवी बॅटरी नेहमीं असावी.